जुने पेले गोळा करायला लागलायस? आधी हे वाच

एक सांगतो, सुरुवातीलाच चांदीच्या मागे लागू नकोस, खिसा रिकामा होईल आणि नजर काही बसायची नाही. आधी पितळेची, काशाची फुलपात्रं हाताळ. भांडं बोटांवर तोलून नखाने टिचकी मार, काशाचा आवाज घुमत राहतो, पितळ लवकर गप्प होतं (कासं म्हणजे तांबं नि कथील, पितळेत जस्त असतं). मग काठाखाली बघ, बारीक ठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं, लग्नात कुणी कुणाला आहेर दिला वगैरे. मी एकदा एक पेला घरी आणून मशीनवर चकाचक पॉलिश करून घेतला आणि नावच गेलं, अजून जीव हळहळतो. बाकी, पाहुण्यासमोर तांब्याभांडं, संध्येला पळी-पंचपात्र, प्रत्येकाची जागा ठरलेली. चषक बिचारा मूळचा मद्याचा पेला, आता फक्त क्रिकेटवाले उंचावतात! पितळेच्या पेल्यात ताक, सोलकढी प्यायची असेल तर आतून कल्हई (कथलाचा मुलामा) हवीच, नाहीतर कळकतं. घासायला चिंच घे. आणि पुण्यात असशील तर आधी केळकर म्युझियम (जुन्या घरगुती वस्तूंचं संग्रहालय) बघ, मगच जुन्या बाजारात जा, तेही सुट्टे पैसे घेऊन.