वाचकांचे प्रश्न : जुना टीव्ही गेम

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घराघरांत जो ‘टीव्ही गेम’ आला, तो बहुतेक ठिकाणी निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या गेम-यंत्राची नक्कल होता. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला. आता माळ्यावरून हे डबे पुन्हा खाली येत आहेत आणि त्यांच्याबद्दलच्या तक्रारी आमच्याकडे. पत्रे वाचून एक गोष्ट लगेच लक्षात येते : लोक फार लवकर ‘चिप गेली’ असे ठरवतात. चिप क्वचित जाते. वीज आणि संपर्क या दोन ठिकाणी आधी पाहा, डबा भंगारात देण्याचा विचार त्यानंतर करा.

गेम लावला की कधी नुसता एकरंगी पडदा येतो, कधी मारिओच्या जागी चौकोन आणि अक्षरे दिसतात. कॅसेट फुंकून लावली की एखाद्या वेळी चालते. कॅसेट खराब झाली का? — मिरज

कॅसेट बहुधा चांगली आहे, फक्त तिचे दात, म्हणजे कडेच्या धातूच्या पट्ट्या, मळले आहेत. फुंकण्याने काही साफ होत नाही. कॅसेट काढून पुन्हा लावताना संपर्क नव्याने जुळतो आणि गेम चालतो, श्रेय मात्र फुंकरीला मिळते. तोंडातली वाफ तांब्यावर बसून गंज वाढतो तो वेगळाच. फुंकणे आजपासून बंद करा.

तुमच्या दोन तक्रारी दोन वेगळ्या जागा दाखवतात. या कॅसेटला साठ दात असतात, प्रत्येक बाजूला तीस. एका अर्ध्या भागातून प्रोग्रॅम मुख्य प्रोसेसरकडे जातो, दुसऱ्या अर्ध्यातून चित्रे चित्र-प्रोसेसरकडे. पडदा एकरंगी राहिला तर प्रोग्रॅमच्या बाजूचा एखादा दात लागत नाही. गेम चालतो, उडी मारल्याचा आवाजही येतो, पण चित्रांचा काला झालेला असतो, तेव्हा दोष चित्रांच्या बाजूला.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. हँड सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असते. थिनर प्लॅस्टिक खातो. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून दात उभ्या दिशेने, दोन्ही बाजूंनी पुसा. काडी काळी येईल. काळे यायचे थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. डाग हटत नसेल तर पांढऱ्या मऊ खोडरबराने हलके घासा, चुरा झटका आणि पुन्हा अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर कधीही वापरू नका. दातांवरचा मुलामा अतिशय पातळ असतो. तो गेला की खालचे तांबे उघडे पडते आणि पुढच्या पावसाळ्यात हिरवे होते.

मग डब्यातली कॅसेट बसायची खाच. जुने व्हिजिटिंग कार्ड खाचेच्या रुंदीला कापा, त्यावर सुती कापडाचा एकच पदर गुंडाळा, अल्कोहोलने ओलसर करा आणि आठ-दहा वेळा सरळ आत-बाहेर करा. जाड कापड घेतले तर आतल्या पट्ट्या फाकतात आणि नवीच कटकट सुरू होते. दहा मिनिटे वाळू द्या, मगच वीज द्या.

एवढे करूनही कॅसेट जरा दाबली की चित्र येते आणि सोडली की जाते, असे असेल तर डबा उघडा. वर्षानुवर्षे कॅसेट खाली रेटल्याने खाचेचे टाके, म्हणजे सोल्डरचे जोड, तडकतात. भिंगातून पाहिले तर टाक्याभोवती बारीक काळी गोल रेघ दिसते. २५ वॉटच्या सोल्डरिंग इस्त्रीने ते साठही टाके पुन्हा गरम करा, प्रत्येकाला किंचित नवे सोल्डर द्या. शेजारचे दोन टाके एकमेकांना चिकटले नाहीत ना, हे वीज देण्याआधी मल्टिमीटरने (व्होल्ट आणि जोडणी तपासायच्या यंत्राने) तपासा.

कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी कॅसेटी झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. तिथल्या दमट हवेत सफाई फार टिकत नाही.

पडद्यावर आडवे पट्टे सरकतात आणि आवाजात गुणगुण येते. मूळ अॅडॅप्टर हरवला, सध्या राउटरचा १२ व्होल्टचा लावला आहे. — नाशिक

तो आधी काढा. या डब्यात ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. तो येणाऱ्या विजेचे ५ व्होल्ट करतो आणि उरलेली वीज उष्णतेत घालवतो. डबा ३०० मिलिअॅम्पिअर ओढत असेल तर ९ व्होल्टवर १.२ वॉट उष्णता होते, १२ व्होल्टवर २.१ वॉट. स्वस्त डब्यांत त्याला लावलेली अॅल्युमिनियमची पट्टी नखाएवढी असते. ती एवढी उष्णता पेलत नाही, तासाभराने गेम अडकतो.

९ व्होल्ट डीसी, ५०० मिलिअॅम्पिअर किंवा जास्त, असा अॅडॅप्टर घ्या. अॅम्पिअर जास्त असले तरी बिघडत नाही, डबा लागेल तेवढेच ओढतो. खरा धोका पिनच्या ध्रुवांचा. फॅमिकॉमच्या पिनमध्ये मधला भाग ऋण असतो, त्याच्या बऱ्याच नकलांमध्येही तसेच. राउटरच्या अॅडॅप्टरमध्ये मधला भाग धन. काही डब्यांत उलट वीज अडवायला डायोड असतो, काहींत पैसे वाचवायला तो गाळलेला असतो. डब्यावर खूण नसेल तर उघडून पाहा. ७८०५ चा मधला पाय म्हणजे ऋण. वीज न देता मल्टिमीटर बीप वाजण्यावर ठेवा आणि जॅकचा कोणता भाग त्या पायाशी जोडला आहे ते बघा. तो जॅकचा ऋण भाग.

आता पट्टे. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या अॅडॅप्टरमधली वीज पुरती सपाट नसते. ती सपाट करायचे काम रेग्युलेटरच्या आधीचा मोठा कपॅसिटर करतो. तीस वर्षांत तो सुकतो, माथा फुगतो किंवा बुडाशी तपकिरी डाग पडतो. बदलताना १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा घ्या. १६ व्होल्टचा बसतो, पण जुना ९ व्होल्टचा अॅडॅप्टर भार नसताना १३-१४ व्होल्ट देतो, त्यामुळे सवड ठेवलेली बरी. कपॅसिटरवरची पट्टी ऋण बाजू दाखवते. उलटा बसवला तर फुटतो.

शेवटी मोजा. ७८०५ चे छापील तोंड तुमच्याकडे आणि पाय खाली असताना डावा पाय आत येणाऱ्या विजेचा, उजवा बाहेर जाणाऱ्या. उजव्या पायावर ४.८ ते ५.२ व्होल्ट हवेत. डाव्यावर ९ आणि उजव्यावर २-३ दिसत असतील तर एक तर ७८०५ गेला आहे किंवा पुढे कुठे शॉर्ट आहे. हा भाग अगदी स्वस्त असतो, बदलून पाहायला हरकत नाही.

वीज नीट, दात स्वच्छ, टाके पक्के आणि तरीही काही नाही, तर मग चिप. बऱ्याच नकलांत सगळी चिप एका काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली असते आणि तिची दुरुस्ती होत नाही. तेव्हा दुसरा डबा शोधावा.

नव्या एलसीडी टीव्हीवर ‘नो सिग्नल’ येते. दुकानदाराने कन्व्हर्टर दिला, तरी तेच. — ठाणे

कन्व्हर्टरवरचे नाव वाचा. एव्हीवरून (रंगीत गोल पिनांची जुनी जोडणी) एचडीएमआय (नव्या टीव्हीची चपटी जोडणी) आणि एचडीएमआयवरून एव्ही असे दोन वेगळे डबे मिळतात, दिसायला सारखेच, आणि दुकानात चुकीचा हाती पडणे नित्याचे आहे. तुम्हाला पहिला हवा. त्याला यूएसबीतून वेगळी ५ व्होल्ट वीज द्यावी लागते.

टीव्हीला थेट एव्ही जोडत असाल तर चित्राची पिवळी पिन कुठे जाते ते बघा. बऱ्याच टीव्हींवर तिला वेगळे भोक नसते, हिरव्या भोकातच लावायची असते. ३.५ मिलिमीटरचे एकच भोक असेल तर त्या टीव्हीसाठीचीच वायर घ्या. या पिनांवरचा क्रम कंपनीगणिक बदलतो, चुकीच्या वायरने चित्राऐवजी घरघर ऐकू येते.

सगळे बरोबर जोडूनही चित्र क्षणभर येऊन जात असेल तर टीव्हीच हा सिग्नल नाकारतो आहे. फॅमिकॉम फक्त २४० ओळी पाठवतो आणि त्या एकाआड एक नसून दर वेळी सगळ्या. काही नव्या टीव्हींना हा प्रकार ओळखता येत नाही. इथे स्वस्त कन्व्हर्टरने चित्र दिसते खरे, पण मारिओ चमकून गेल्यासारखा लुकलुकतो. जुन्या कन्सोलसाठी बनवलेले रेट्रोटिंकसारखे कन्व्हर्टर हे नीट करतात. महाग आहेत. माझे मत विचाराल तर त्या पैशात आणि त्याहून कमीत जुना पेटीचा टीव्ही मिळतो, आणि या गेमचे चित्र त्यावरच शोभते.

चित्र आले पण उडी उशिरा पडते असे वाटले तर टीव्हीत ‘गेम मोड’ चालू करा. ६० चित्रांच्या वेगात एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांचे. टीव्हीने चित्र सजवण्यात १०० मिलिसेकंद घालवले तर उडी सहा चित्रे मागे पडते, तोवर खड्डा आलेला असतो.

अँटेनाच्या वायरने जोडून चित्र स्वच्छ पण आवाज नाही, अशीही पत्रे आहेत. भारतातील जुने अॅनालॉग प्रसारण पाल-बीजी पद्धतीचे होते, आवाज चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर. परदेशी बाजारासाठी बनलेला डबा तो ६ किंवा ६.५ वर पाठवतो. टीव्हीच्या ट्यूनिंगमध्ये ‘साउंड सिस्टिम’ बीजीवरून आय किंवा डीके करून पाहा.

बदकांच्या गेमची बंदूक चालत नाही. लेन्स पुसली. — अकोला

एलसीडीवर ती चालणार नाही. घोडा दाबला की गेम एक चित्रभर पडदा काळा करतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो, आणि बंदुकीतला सेन्सर त्या ठरावीक क्षणी उजेड दिसला का हे पाहतो. पेटीच्या टीव्हीवर उजेड त्याच क्षणी येतो. एलसीडीवर तो उशिरा येतो, आणि सेन्सर ओळखतो ती ओळींची वेगवान लुकलुकही त्यात नसते. पेटीच्या टीव्हीवरही चालत नसेल तर ब्राइटनेस वाढवा आणि खोलीतला दिवा बंद करा.

रिमोटचे एक बटण लागत नाही. दुसऱ्या रिमोटवर ‘ए’ दाबले की सगळीच बटणे दाबल्यासारखे होते. — कोल्हापूर

दोन रोग आहेत. एकच बटण मेले तर आतली रबराची काळी टिकली झिजली. रिमोट उघडा, टिकली आणि पट्टीवरचा काळा भाग अल्कोहोलने पुसा. सुधारणा नसेल तर टीव्हीच्या मोडक्या रिमोटमधली तशीच टिकली कापून सिलिकॉन सीलंटच्या पातळ थराने चिकटवा. फेव्हिक्विक या सिलिकॉन रबरावर धरत नाही.

दुसरा रोग तारेचा. रिमोटमध्ये पाच तारा असतात : वीज, ऋण, लॅच, क्लॉक आणि डेटा. डबा आठही बटणांची स्थिती एकाच तारेवरून ओळीने मागतो, पहिले ‘ए’. पुढच्या बटणाकडे सरकण्याचा इशारा देणारी क्लॉकची तार तुटली की ओळ पुढे सरकतच नाही, आठही वेळा ‘ए’चेच उत्तर मिळते. म्हणून ‘ए’ दाबल्यावर सगळे हलते. वायर बहुधा रिमोटच्या तोंडाशी तुटते. तिथली पाचेक सेंटिमीटर कापून टाका आणि पुन्हा जोडा. रंगांवर विसंबू नका, कापण्याआधी कोणती तार कुठल्या टाक्यावर जाते ते कागदावर लिहा.

नवा रिमोट घेताना नऊ पिनांचा आहे एवढे पाहून घेऊ नका. सेगाची पिनही नऊचीच, पण आतली जोडणी निराळी.

बहिणीने न्यू जर्सीहून तिचा जुना निन्टेंडो पाठवला आहे. थेट लावू का? — पुणे

नको. त्याचा अॅडॅप्टर १२० व्होल्टचा आहे, आपल्या २३० व्होल्टवर जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणण्यापेक्षा इथलाच ९ व्होल्टचा, एक अॅम्पिअर किंवा जास्तीचा डीसी अॅडॅप्टर लावा. या करड्या, पुढून कॅसेट घेणाऱ्या एनईएसमध्ये (फॅमिकॉमच्या अमेरिकी रूपात) विजेच्या वाटेवर चार डायोडांचा ब्रिज आहे, त्यामुळे ध्रुव कसेही चालतात. उलट मात्र करू नका : त्याचा मूळ अॅडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो. ट्रान्सफॉर्मरवर चालवून तो आपल्या फॅमिकॉमछाप डब्याला लावला तर डबा गेला.

लाल दिवा सेकंदा-सेकंदाला लुकलुकला तर घाबरू नका. आतली कुलूप-चिप कॅसेटमधल्या चिपशी बोलते, संपर्क तुटला की डबा सारखा रीसेट करते. ७२ दातांची खाच वरच्याच पद्धतीने साफ करा. पुष्कळ जण त्या चिपचा चौथा पाय कापतात. लुकलुक थांबते, पण मळ तसाच राहतो, म्हणून आधी सफाई. आपल्या साठ दातांच्या कॅसेटी त्यात बसणार नाहीत. चित्र काळे-पांढरे आले तर टीव्हीला एनटीएससी ही अमेरिकी रंगपद्धत जमत नाही. आवाजाची तार एकच आहे, एका स्पीकरमधून येणे हा बिघाड नव्हे.

‘९९९९९९९ इन १’ कॅसेटमध्ये तेच गेम पुन्हा पुन्हा येतात. — लातूर

बिघाड नाही. आत थोडेच गेम असतात, बाकी नावे त्यांच्याच वेगळ्या लेव्हलची किंवा बदललेल्या रंगांची.

पांढरा डबा पिवळा पडला. — सोलापूर

प्लॅस्टिकमध्ये आग रोखण्यासाठी घातलेल्या ब्रोमीनच्या संयुगांचा हा परिणाम. हायड्रोजन पेरॉक्साइडचे क्रीम लावून उन्हात ठेवले की रंग उजळतो, पण कालांतराने पिवळेपणा परतू शकतो आणि क्रीम कमी-जास्त लागले तर ठिगळे दिसतात. आम्ही तसाच ठेवा म्हणू.

‘झेल्डा’च्या मूळ अमेरिकी कॅसेटमध्ये गेम सेव्ह राहत नाही. — डोंबिवली

आत सीआर२०३२ बॅटरी आहे, ३ व्होल्टची. अडीचच्या खाली गेली असेल तर बदला. टाके मारायच्या पट्ट्या आधीच लावलेली बॅटरी घ्या, साध्या बॅटरीवर इस्त्री टेकवली तर ती फुटू शकते. जुनी काढताच आधीचे सेव्ह पुसले जातील. कॅसेट उघडायला ३.८ मिलिमीटरचे खास बिट लागते. आणि खेळून डबा बंद करताना रीसेट दाबून धरूनच पॉवरचे बटण दाबा. वीज ओसरताना प्रोसेसर भरकटून मेमरीत भलतेच लिहितो, रीसेट दाबलेले असले की तो गप्प राहतो.