पुण्यातल्या वाहन-अभियांत्रिकी प्रदर्शनाला कंपनी एकट्याला पाठवतेय. ओळखी कशा करायच्या?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यात तुम्ही ब्रॅकेट आणि क्लॅम्प बनवता, मालक जानेवारीत पुण्याच्या प्रदर्शनाला पाठवतायत, तिथे ओळखीचं कुणी नाही आणि मोठ्या कंपन्यांच्या स्टॉलवर जाऊन बोलायचं काय ते सुचत नाही. मी चिपळूणजवळच्या खेर्डीत कोटिंगचं काम बघते, त्यामुळे तुमचा माल आणि तुमची अडचण, दोन्ही माझ्या रोजच्यातली आहेत.

ब्रोशरचा गठ्ठा घरी ठेवा आणि एक गंजलेला पार्ट घेऊन जा, हे माझं पहिलं सांगणं.

मिरकरवाडा बंदरावरून मासळी नेणारे टेम्पो ज्या गॅरेजात येतात तिथे विचारा. बर्फाचं खारट पाणी सतत चेसिसवर गळत असतं, त्यामुळे काढून टाकलेले ब्रॅकेट तिथे पडलेलेच असतात. असा एखादा ब्रॅकेट हातात घेऊन नीट बघा. मधला सपाट भाग बराच शाबूत असतो, पण वेल्डच्या कडेने लाल गंजाची रेघ धावलेली असते आणि बोल्टच्या भोकाजवळ पत्र्याचे पापुद्रे सुटलेले असतात. तो पिशवीत घाला आणि सोबत चिठ्ठी ठेवा: गाडी कुठल्या प्रकारची, पार्ट कुठे बसवलेला होता, किती पावसाळे काढले. पार्ट नंबर आणि कंपनीचं नाव झाका. दुसऱ्याच्या मालाची अब्रू काढायला आपण जात नाही. शेजारी तुमचा नवा पार्ट ठेवा. ग्राहकाचं ड्रॉइंग मात्र मोबाइलवरही कुणाला दाखवू नका.

याचा उपयोग असा की कोटिंग गंजाला किती टिकतं ते तपासायच्या सॉल्ट स्प्रेच्या कपाटात ३५ अंशांवर ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं तासन् तास चालू असतं, पार्ट सुकतच नाही. आपल्याकडे रात्री दमट हवेने पार्ट ओला होतो, दुपारी सुकतो, मीठ तिथेच राहतं, मग पावसाळ्यात धुऊन निघतं. सुकताना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पार्टवरच्या जस्ताच्या कोटिंगवर कार्बोनेटचा थर धरतो आणि तो काही काळ आतल्या लोखंडाला जपतो. कपाटात हे घडायला वावच नसतो. म्हणून सॉल्ट स्प्रेच्या तासांवरून रस्त्यावरची वर्षं काढता येत नाहीत. डिझाइनवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं, आणि खऱ्या वापरातला पार्ट त्यांना हवाच असतो. तो तुमच्याकडे आहे. बोलायला यापेक्षा चांगलं निमित्त नाही.

स्टॉलच्या दर्शनी भागात बहुतेक मार्केटिंगची मुलं असतात. त्यांना सरळ विचारा, "कोटिंगचं किंवा सप्लायर क्वालिटीचं कोणी आहे का?" नसेल तर कधी येणार ते विचारून त्या वेळी परत जा. उद्घाटनाच्या सकाळी साहेबमंडळी पाहुण्यांत अडकलेली असतात. शेवटच्या दिवशी दुपारी तेच लोक निवांत भेटतात, त्यामुळे परतीचं बुकिंग त्या रात्रीचं ठेवा. माणूस भेटला की पार्ट त्याच्या हातात द्या आणि एकच प्रश्न विचारा: "वेल्डच्या कडेचं कोटिंग तुम्ही कसं तपासता?" किंवा "सायक्लिक टेस्ट मागता का, की नुसते सॉल्ट स्प्रेचे तास?" (सायक्लिक म्हणजे मिठाचं पाणी, दमटपणा आणि सुकवणं आलटून-पालटून.) मग त्याला बोलू द्या. निरोप घेतल्यावर बाजूला होऊन त्याच्या कार्डामागे दोन ओळी लिहा, काय बोलणं झालं आणि आपण काय पाठवायचं कबूल केलं. संध्याकाळपर्यंत सगळे चेहरे एकमेकांत मिसळतात.

तुम्ही जाताय ते एआरएआय या पुण्यातल्या वाहन-संशोधन संस्थेचं सिॲट असेल तर फक्त स्टॉल फिरू नका. १९९० पासून चालत आलेल्या या परिषदेत प्रदर्शनाबरोबर तांत्रिक निबंधांचं वाचनही होतं. गंज, साहित्य किंवा टिकाऊपणावरच्या एखाद्या सत्राला बसा आणि नंतर चहाला त्या वक्त्याला गाठा. स्टॉलवर माणूस विकायला उभा असतो, इथे तो स्वतःच्या कामाबद्दल बोलायला आलेला असतो. खरी ओळख इथे लवकर होते, हा माझा अनुभव आहे.

आणि मराठीत बोला, बिनधास्त. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आपल्याकडची माणसं भरपूर आहेत. "गाव कुठलं?" विचारलं की कुणी गुहागरचा निघतो, कुणाची आजी देवरुखची असते. पण त्या जिव्हाळ्यावर कामाची मागणी लादू नका, लगेच पार्टकडे वळा.

मालकांना जाण्याआधीच सांगून ठेवा की प्रदर्शनातून ऑर्डर येत नाही. व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंद, मिळायला कारखान्याचं ऑडिट, नमुने, पीपॅपची (पार्टच्या मंजुरीची) कागदपत्रं असं सगळं लागतं आणि त्यात महिने जातात. त्यातही थेट गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मागे लागण्यापेक्षा तिला जुळवलेले भाग थेट पुरवणाऱ्या टियर-१ कंपन्यांच्या स्टॉलवर जास्त वेळ द्या, तुमच्या मापाचं काम तिथे असतं. तुमच्या कारखान्याला आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र) नसेल तर विचारल्यावर खरं सांगा आणि आयएसओ ९००१ असेल तर तेवढं सांगा. मोशीला प्रदर्शन असेल तर आदल्या रात्री भोसरीत मुक्काम करा. घाट उतरून-चढून आलेल्या अंगाने दिवसभर उभं राहून बोलणं होत नाही.

परत आल्यावर दोन दिवसांत ज्याला जे कबूल केलं ते पाठवा: फोटो, चिठ्ठीवरची माहिती, हवा असेल तर तो गंजलेला पार्टच कुरियरने. "भेटून आनंद झाला" एवढाच मेसेज कुणी लक्षात ठेवत नाही. जानेवारीनंतर फाल्गुनात शिमगा येतो. कोकणातली ही माणसं पालखीला गावी येतातच. त्याच्या आठवडाभर आधी फोन करा, "येताय ना? जाता-येता मिरजोळेला अर्धा तास थांबा, शॉप दाखवतो." ऑडिटच्या दिवशी जो क्वालिटीवाला कपाळाला आठ्या घालून फिरतो, तोच तेव्हा घरच्यांना गाडीत बसवून आत येतो, प्रेसजवळ उभा राहून डाय (साचा) बघतो आणि कुठे काय बदलायला हवं ते मोकळेपणाने सांगतो. ते लिहून घ्या आणि गणपतीला तो परत गावी येण्याआधी त्यातलं जमेल तेवढं करून त्याचे फोटो त्याला पाठवा.