ब्रिटनमधून अमेरिकेत नोकरीला गेलेल्याला भाषा तीच असूनही सर्वात जास्त काय जड जातं?

माझ्या मते रजा आणि आरोग्य विमा. ब्रिटनमध्ये पूर्णवेळ नोकरदाराला वर्षाला 28 दिवस पगारी रजा कायद्यानेच मिळते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात पगारी रजेची सक्तीच नाही, कंपनी देईल तेवढी. आणि एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, सवयीने वाढलेल्या माणसाला नोकरी सुटली की विमाही धोक्यात येतो, हे पचतच नाही. म्हणून पगाराचा आकडा बघून हुरळून जाऊ नका, ऑफर लेटरमधली रजा आणि विम्याचं डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी उपचारांसाठी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम) आधी वाचा.

दुसरं, ब्रिटनमधला क्रेडिट इतिहास (कर्ज-हप्ते फेडल्याची नोंद) इथे अमेरिकेत सहसा चालत नाही. लीड्सहून आलेला माझा सहकारी पस्तिशीतला, एकही हप्ता न चुकवलेला, तरी घर भाड्याने घेताना त्याला जादा डिपॉझिट भरावं लागलं. पोहोचल्यावर लगेच सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारी ओळख क्रमांक) काढा आणि अनामत ठेवून मिळणारं सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड घ्या, म्हणजे इथला इतिहास तयार व्हायला लागेल.

हो, विजेची किटली मात्र तिकडून आणू नका. त्या सहकाऱ्याने हौसेने आणलेली, तिकडच्या जास्त व्होल्टेजसाठी बनलेली किटली इथल्या 120 व्होल्टवर पाणी उकळायला दहा-बारा मिनिटं घ्यायची. बिचारा चहासाठी ताटकळत उभा असायचा.