घरी सगळं येतं, पेपरात कोरी पाटी

"मॅडम, तिला येत नाही असं नाहीये. रात्री मी विचारते तेव्हा धडाधड सांगते. पेपर हातात आला की कोरी पाटी." कोथरूडहून आलेल्या आईचं हे पहिलं वाक्य. शेजारी बारावी सायन्सची मुलगी. तिला इथे मुग्धा म्हणू; नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत. सहामाहीत फिजिक्सला ७० पैकी २६. सकाळी कॉलेज, दुपारी टिळक रोडला क्लास, संध्याकाळी सहापासून साडेनऊपर्यंत अभ्यासिका. टाळाटाळ नाही, मोबाइलही आईकडे. वही उघडली तर पानापानावर पिवळा, गुलाबी, हिरवा हायलाइटर. आईचं निदान तयार होतं: परीक्षेची भीती. ती घालवायला काही ध्यान, काही व्यायाम सांगा.

भीती असेल तर ती पेपरापुरती असते. म्हणून पहिल्याच भेटीत मुग्धाला एक सोपं काम दिलं. तिच्या मते पक्का झालेला धडा तिनेच निवडायचा, वही मिटायची आणि कोऱ्या कागदावर एक सिद्धता लिहायची. घड्याळ लावलेलं नाही, मार्क नाहीत, आईही बाहेर बसलेली. तिने रोटेशनल डायनॅमिक्समधला पॅरलल ॲक्सिस थिअरम घेतला, म्हणजे वस्तू फिरण्याच्या दोन समांतर अक्षांना जोडणारा नियम. आकृती काढली, शेवटचं सूत्रही लिहिलं. मधल्या दोन ओळींत गाडी अडली. विस्तार केल्यावर एक इंटिग्रल शून्य होतं, हे तिला ठाऊक होतं. का होतं, ते सांगता येईना. (त्या दोन अक्षांपैकी एक वस्तुमानकेंद्रातून जातो, म्हणून. सगळी सिद्धता त्या एका कारणावर उभी आहे.) वही उघडल्याबरोबर ती म्हणाली, "अगं हो, हे तर येतं मला!"

गोम याच वाक्यात आहे. समोर दिसल्यावर ओळखणं वेगळं आणि समोर काही नसताना आठवून काढणं वेगळं. गल्लीतला माणूस रोज दिसतो, चेहरा लगेच ओळखू येतो, पण नाव विचारलं तर तोंडाशी येऊन अडतं. चार वेळा वाचलेलं पान पाचव्यांदा सहज वाचलं जातं, आणि तो सहजपणा मुलांना "येतंय" असा वाटतो. रात्रीच्या आईच्या प्रश्नांचंही तेच. वही आईच्या मांडीवर उघडी. "दोन अक्ष समांतर, मधलं अंतर एच, मग काय मिळवायचं?" निम्मं उत्तर प्रश्नातच! हे ऐकून आई थोड्या नाराज झाल्या, पण नाकारलं नाही.

या विषयावर रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा अमेरिकेत झालेला २००६ सालचा प्रयोग पालकांना आवर्जून सांगावा असा आहे. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने चारही सत्रांत उतारा फक्त वाचला, सरासरी १४ वेळा. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला, म्हणजे तीन-चार वेळा, आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं, लिहिणाऱ्यांकडे ६१. पुढे आपल्याला किती आठवेल असं विचारलं होतं, तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. मुग्धाची रात्रीची उजळणी त्या पाच मिनिटांच्या चाचणीसारखी आहे आणि सहामाही आठवड्यानंतरच्या चाचणीसारखी.

मग बदललं काय? तास वाढवले नाहीत. पाऊण तासाचा एक घास ठरवला. वीस मिनिटं वाचन, तेही एका सिद्धतेचं किंवा तीन-चार पानांचं. मग वही दप्तरात. नुसती पालथी ठेवून चालत नाही, हात आपोआप जातो. पुढची पंधरा मिनिटं कोऱ्या कागदावर आठवेल ते सगळं: आकृती, पायऱ्या, प्रत्येक पायरीपुढे "कारण". अडलं तर निदान दोन मिनिटं अडून राहायचं, लगेच बघायचं नाही. शेवटची दहा मिनिटं वही उघडून लाल पेनने दुरुस्ती. कागदावर तारीख टाकून तो फाइलला लावायचा. दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा कोऱ्या कागदावर, मग चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी, आणि दर वेळी आधी लिहायचं, वाचायचं नंतर. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. परीक्षा जितकी दूर, तितकं दोन उजळण्यांमधलं अंतर मोठं चालतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

पहिला आठवडा वाईट गेला, तो तसाच जातो. मुग्धाचा फोन आला: "आधी निदान येतंय असं वाटायचं, आता तर काहीच येत नाही." कागदावर लाल शाई जास्त, निळी कमी. बहुतेक मुलं पद्धत इथेच सोडतात, कारण वाचताना मिळणारं समाधान यात नाही. दुसरी तक्रार आईची: "पोर्शन पुढे सरकत नाहीये." खरं होतं, वेग जवळजवळ निम्म्यावर आला होता. तिसरी चूक फाइल बघताना सापडली. काही कागदांवर डायजेस्टमधली वाक्यं स्वल्पविरामासकट उतरली होती. आठवून लिहिण्याऐवजी मुलगी पाठ करून लिहायला लागली होती. तिथे नियम बदलला: आधी कारणं स्वतःच्या शब्दांत, मराठीतसुद्धा चालतील, पेपरची इंग्रजी वाक्यं दुसऱ्या फेरीला.

गणिताची गोष्ट आणखी निराळी. क्लासमध्ये एका पद्धतीची वीस गणितं ओळीने सोडवून घेतात. तिसऱ्या गणितानंतर पद्धत निवडावीच लागत नाही, हात चालतो. पेपरात मात्र पहिला प्रश्नच हा की इथे कुठली पद्धत लावायची. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाच्या गणितांवर नेमकं हेच तपासलं. एका प्रकारची सगळी गणितं सलग सोडवणाऱ्यांची सरावातली उत्तरं ८९ टक्के बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर घसरले, मिसळवाले ६३ टक्क्यांवर होते. म्हणून मुग्धाच्या तीन धड्यांतली बारा गणितं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकली. चिठ्ठी उचलायची आणि सोडवण्याआधी फक्त "कुठली पद्धत, का" एवढी एक ओळ लिहायची. वेळ नसेल त्या दिवशी नुसती ती ओळ लिहिली तरी चालते. नवा धडा शिकताना मात्र आधी चार-पाच गणितं सलगच सोडवावीत. पद्धतच माहीत नसताना मिसळण्यात अर्थ नाही.

आईंना काम दिलं ते सोपं, पण त्यांना जड गेलं. प्रश्न विचारा, मग गप्प बसा. पहिला शब्द सुचवायचा नाही, मान हलवायची नाही.

महिन्याभराने फाइलमधले त्याच सिद्धतेचे चार कागद शेजारी ठेवले. पहिल्यावर लाल शाई अर्धं पान, चौथ्यावर एक खूण, तीही युनिट विसरल्याची. भीतीचा प्रश्न त्यानंतर तपासायचा. घरी कोऱ्या कागदावर वेळ लावून नीट लिहिता येतं आणि तरीही परीक्षेच्या वर्गात हात थरथरतात, श्वास अडतो, रात्र-रात्र झोप लागत नाही, असं असेल तर उपाय वेगळे आणि गरज पडली तर डॉक्टरही. मुग्धाला प्रीलिमला पहिली दहा मिनिटं घाम फुटला, मग ती लिहीत राहिली. हायलाइटर अजून वापरते. फक्त आता आधी कागद, मग लाल पेन, आणि जिथे चुकलं तेवढ्याच ओळीवर रंग.