रस्त्याकडेला झाडं लावली की शहरातला उकाडा आणि प्रदूषण खरंच कमी होतं का?

उकाडा नक्की कमी होतो. प्रदूषणाचं मात्र झाड कुठे आणि कसं लावलंय त्यावर ठरतं.

पुण्यात एप्रिलच्या दुपारी कुठलाही सिग्नल बघा. लाल दिवा लागला की दुचाकीवाले झेब्रा क्रॉसिंगच्या बरेच अलीकडे, झाडाच्या सावलीत थांबतात. मीही थांबतो. तिथली हवा उन्हातल्या हवेपेक्षा फार तर एक-दोन अंशांनी थंड असते, तरी जिवाला बरं वाटतं. कारण आपण नुसत्या गरम हवेने हैराण होत नाही. वरून ऊन भाजतं आणि खालून 60 अंशांपर्यंत तापलेलं डांबर. सावली या दोन्हींपासून वाचवते. शिवाय झाड मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून सोडतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 0.68 युनिट विजेइतकी उष्णता लागते, ती आजूबाजूलाच शोषली जाते. मुंबईच्या दमट हवेत हा फायदा कमी मिळतो. तिथे खरी भिस्त सावलीवरच.

म्हणून रोप निवडताना ऐन उन्हाळ्यात त्याला पानं असतात का, हे आधी बघा. गुलमोहर मला अतिशय आवडतो, पण मार्च-एप्रिलमध्ये तो बहुधा बोडका असतो. एप्रिलमध्ये करंज आणि कडुनिंब नव्या पालवीने भरलेले असतात.

आता धूर. पानांवर धूळ बसते, पावसात धुऊन जाते, हे खरं. पण शहरभराचा हिशेब मांडला तर झाडांमुळे हवेतले सूक्ष्म कण जेमतेम एखाद्या टक्क्याने घटतात. उलट दोन्हीकडे उंच इमारती, मध्ये अरुंद रस्ता आणि वर फांद्यांचं दाट छत असेल, तर गाड्यांचा धूर खालीच कोंडतो. अशा ठिकाणी फूटपाथ आणि रस्ता यांच्या मधे पुरुषभर उंचीचं मेंदीसारखं दाट कुंपण जास्त उपयोगी पडतं. धूर कमी करायचा तर तो गाड्यांमध्येच कमी करावा लागेल.

महाराष्ट्रात 2021 च्या कायदादुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी रोपं लावावी लागतात. चांगलं आहे, पण साठ वर्षांच्या झाडाच्या बदल्यात लावलेल्या 60 रोपांची मिळूनही बसस्टॉपवर उभ्या असलेल्या आजींना आज सावली मिळत नाही. आमच्या गल्लीतला जुना पर्जन्यवृक्ष बुंध्यापर्यंत काँक्रीट केल्यावर काही वर्षांतच पावसाळ्यात उन्मळून पडला. मला अजून त्याची हळहळ वाटते. तुमच्या सोसायटीसमोर असं मोठं झाड असेल, तर नवीन रोपं आणण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करून त्याच्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढून घ्या. चहूबाजूंनी निदान मीटरभर माती मोकळी राहू द्या.