लॅपटॉप मिटण्याआधीची पंधरा मिनिटं

सातला काम संपवायचं असेल तर पावणेसातचा गजर लावा आणि त्यानंतर नवी मेल उघडू नका. अर्धवट काम कुठे थांबलं आणि उद्याची पहिली पायरी कोणती, ते वहीत दोन ओळींत लिहा. ‘रिपोर्ट पूर्ण करणे’ असं मोघम नको. ‘तिसऱ्या तक्त्यातले मार्चचे आकडे तपासणे’ असं नेमकं हवं. नाहीतर जेवतानाही डोक्यात तेच घोळत राहतं. मग लॅपटॉप शट डाउन करून बॅगेत. नुसता मिटून जेवणाच्या टेबलावर ठेवला, तर साडेनऊला हात जातोच.

खरी गळती मोबाइलमधून होते. अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल (ऑफिसच्या ॲपचा वेगळा कप्पा) असेल तर ते थांबवा, त्यातली सगळी ॲप एकदम गप्प होतात. व्हॉट्सॲपवरचा टीमचा ग्रुप सहसा खासगी बाजूला असतो, म्हणून तो वेगळा म्यूट करा. हेच बहुतेक जण विसरतात.

टीम अमेरिकेत असेल तर नोव्हेंबर सांभाळा. हिवाळ्यासाठी तिथली घड्याळं तासभर मागे गेली की न्यूयॉर्कची सकाळी ९ची मीटिंग आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाऐवजी साडेसातला येते. तेव्हा सकाळची सुरुवातही तासभर पुढे न्या, आणि मॅनेजरला हे ऑक्टोबरातच सांगून ठेवा.