७७५ सॉकेटच्या जुन्या बोर्डवर अडॅप्टर लावून नवा प्रोसेसर बसतो का?

तुम्ही विचारलंय की घरी ७७५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा) जी४१ चिपसेटचा बोर्ड पडून आहे, अडॅप्टर लावून त्यावर इंटेलचा आय५ प्रोसेसर बसेल का, आणि असल्या जोडणीने बोर्ड जळतो का.

आय५ बसणार नाही. कुठूनही कसलाही अडॅप्टर आणा, नाही बसणार. पण ७७१ सॉकेटचा झिऑन, म्हणजे इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर, बसतो आणि व्यवस्थित चालतो. खरं तर मी लिहायला बसलो ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे. बोर्ड जळतो, बोर्ड जळतो, हे मी आमच्या घरात कित्येक वर्षं ऐकतोय.

आम्ही अमळनेरचे. मोठ्या भावाचा फोटो स्टुडिओ आहे, मुख्य काम लग्नाचे अल्बम. २०१६ मध्ये त्याच्याकडे जी४१ बोर्ड आणि त्यावर पेंटियम ई५३०० होता. दोन कोर, २.६ गिगाहर्ट्झ. फोटोशॉपमध्ये अल्बमचं एक पान सेव्ह व्हायला टाकलं की तेवढ्या वेळात दादा पूर्ण दुकान झाडून घ्यायचा. दुकानदाराने सांगितलं, पूर्ण सेट बदला: बोर्ड, रॅम, प्रोसेसर. लगीनसराई दोन महिन्यांवर आलेली आणि मागच्या सीझनची उधारी अजून लोकांकडे अडकलेली. मी म्हटलं, थांब, बोर्ड तोच ठेवू, प्रोसेसर मी बघतो.

सर्व्हरमधून निघालेले ७७१ चे झिऑन तेव्हा चीनमधून फार स्वस्त मिळायचे. त्याच ताकदीचा ७७५ चा क्यू९६५० प्रोसेसर जुन्या बाजारातही तीन-चार पट किमतीला. आतली चिप जवळपास तीच. फरक इतकाच की दोन कॉन्टॅक्टची जागा अदलाबदल झालेली आहे आणि कडेच्या खाचा वेगळ्या ठिकाणी आहेत. कॉन्टॅक्टसाठी एक स्टिकर येतं, तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढं, त्यावर तांब्याच्या बारीक रेषा. लोक ज्याला अडॅप्टर म्हणतात तो हाच. ते प्रोसेसरच्या खालच्या बाजूला चिमट्याने बरोबर जागेवर बसवायचं, आणि सॉकेटमधले प्लास्टिकचे दोन दात ब्लेडने कापून टाकायचे.

पार्सल यायला पाच आठवडे लागले. स्टुडिओच्या काउंटरवर बोर्ड काढला, वहिनींनी मोबाइलचा टॉर्च धरला. ७७५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या आणि सगळ्या एका बाजूला झुकलेल्या. ब्लेड घसरलं तर खेळ खलास. दादा मागून बघत होता. "हाई काय शे?" एवढंच म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

चालू केलं तर पंखा फिरतोय, स्क्रीन काळी. हे होणारच होतं, चूक माझी. बायोसमध्ये, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, त्या झिऑनचा मायक्रोकोड (प्रोसेसरसाठीचा छोटा कोड) नसेल तर बोर्ड त्याला ओळखत नाही, आणि बायोस बदलायचा तो जुना प्रोसेसर लावलेला असतानाच. परत ई५३०० बसवला, बायोसच्या फाइलमध्ये मायक्रोकोड घातला, आणि तो बायोस फ्लॅश करायच्या, म्हणजे बोर्डावर लिहायच्या, आधी मशीन स्टुडिओच्या इन्व्हर्टरवर घेतलं. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि फ्लॅश अर्ध्यावर तुटला की बोर्ड गेला. मग झिऑन लावला. स्क्रीनवर नाव आलं, चार कोर, ३.१६ गिगाहर्ट्झ, १२ एमबी कॅश. दादाने त्या रात्री दोन अल्बम संपवले.

तो सीझन निघाला. दिवाळीनंतरची लग्नं निघाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात पारा ४४ वर असताना मशीन भर कामात बंद पडलं ते उठलंच नाही. नवरीकडचे लोक अल्बमसाठी दारात बसलेले. तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, दादाचं एक वाक्य ठरलेलं: "तुना त्या कागदनी मना कॉम्प्युटर जाळी टाका."

कागदाने काहीही जाळलं नाही. बोर्ड मी स्वतः उघडून पाहिला. सॉकेटच्या डाव्या बाजूला प्रोसेसरला व्होल्टेज देणारा भाग असतो, तिथले चार कपॅसिटर डोक्याशी फुगलेले, एकाच्या माथ्यावर तपकिरी चिकट खपली. शेजारचा बोर्डाचा हिरवा रंग काळपट झालेला. स्टिकर जिथल्या तिथे, जसंच्या तसं. प्रोसेसर काढला, स्पिरिटने पुसला आणि तेच स्टिकर ठेवून दुसऱ्या एका पी४५ चिपसेटच्या बोर्डात घातला. तो आज माझ्या टेबलावर चालू आहे. जळणारी वस्तू ते स्टिकर असतं तर पहिल्यांदा प्रोसेसर मेला असता.

बोर्ड मेला तो वॅटमुळे. मी एक्स५४६० घेतला होता, तो १२० वॅटचा. ई५३०० होता ६५ चा. स्वस्त जी४१ बोर्डावर प्रोसेसरच्या विजेचा भार वाटून घेणारे तीनच भाग (फेज), त्यावर उष्णता ओढणारा हीटसिंकही नाही. ई५४५० घेतला असता तर ८० वॅटमध्ये ३ गिगाहर्ट्झ मिळाले असते. मी ०.१६ च्या मोहात पडलो, ती चूक माझी आणि ती मी दादाला तेव्हाच सांगितली. पण रस्त्याची धूळ नको म्हणून त्याने कॅबिनेट प्लायवूडच्या कपाटात ठेवून वर दारही लावून घेतलं होतं, ते तो कधीच सांगत नाही. मे महिन्यात त्या कपाटात हात घातला तर भट्टीत घातल्यासारखं वाटायचं.

आणि अडॅप्टर म्हणजे गल्लीतला जुगाड, हेही मला मान्य नाही. जुन्या ४८६ प्रोसेसरच्या बोर्डांसाठी खुद्द इंटेलने १९९५ मध्ये पेंटियम ओव्हरड्राइव्ह हा प्रोसेसर काढला होता. पुढे स्लॉट १ च्या बोर्डात सॉकेट ३७० चा सेलेरॉन किंवा पेंटियम ३ बसवायला स्लॉकेट नावाची कार्डं आली, त्यावर व्होल्टेजचे जंपर असायचे. आसुसने २००५ मध्ये सीटी-४७९ काढला, लॅपटॉपचा पेंटियम एम डेस्कटॉपच्या ४७८ बोर्डात चालवायला, आणि त्याला वीज वेगळ्या कनेक्टरने द्यावी लागायची. यातल्या प्रत्येकात पहिला विचार व्होल्टेजचा आहे, पिना नंतर. मी पिनांचा विचार केला आणि वॅटचा केला नाही. दादा म्हणतो असली कामं पुण्या-मुंबईच्या माणसांची. ज्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तेलाच्या कारखान्यातून विप्रो सुरू झाली आणि पुढे कॉम्प्युटर बनवायला लागली, त्या गावात बोर्ड उघडायला पुण्याचा माणूस कशाला लागतो?

आता तुमचा आय५. ७७५ च्या काळात रॅम सांभाळण्याचं काम बोर्डावरचा चिपसेट करायचा, प्रोसेसर त्याच्याशी एफएसबी नावाच्या जोडमार्गावरून बोलायचा. एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये ते काम प्रोसेसरच्या आत नेलं. म्हणजे आय५ ला रॅमच्या तारा थेट स्वतःपाशी लागतात, आणि तुमच्या बोर्डावर त्या चिपसेटकडे गेलेल्या आहेत. ॲसरॉकने एएमडीच्या ९३९ सॉकेटच्या एका बोर्डासाठी पुढच्या एएम२ सॉकेटचं कार्ड काढलं होतं, त्या कार्डावर सॉकेटसोबत रॅमचे स्लॉटही द्यावे लागले. एवढं करण्यापेक्षा दुसरा बोर्ड घेतलेला बरा.

झिऑन लावणार असाल तर ई५४५० किंवा ५० वॅटचा एल५४२० घ्या. एक्स मालिकेला जी४१ वर हात लावू नका, कोणी फुकट दिला तरी. ९४५ चिपसेट असेल तर विषयच सोडा, त्यावर चार कोरचा चालत नाही.

आणि हे मी आधी सांगायला हवं होतं: या पिढीच्या प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ हा सूचनांचा संच नाही. त्यामुळे विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही, नवा फोटोशॉपही नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स छान चालतं. बिलिंग, टायपिंग, पोरांचा अभ्यास एवढंच असेल तर आधी एसएसडी टाकून बघा, कदाचित प्रोसेसर बदलायची गरजच पडणार नाही. जी४१ वर रॅम ८ जीबीच्या पुढे जात नाही.

बोर्डाचा मॉडेल नंबर आणि सध्याचा बायोस कोणता ते इथे लिहा, मायक्रोकोडचं मी बघून सांगतो. सॉकेटच्या बाजूच्या कपॅसिटरचा एक फोटोही टाका, वरून नको, आडवा घ्या, म्हणजे फुगवटा दिसेल.